खाडीकडचं दार

खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर दसऱ्याच्या आधी झेंडूवाल्या बसतात. यंदा त्यांतल्या एकीच्या पाटीत झेंडूच्या शेजारी भाताच्या लोंब्यांच्या जुड्या होत्या, तोरणात खोवायला. आमच्याकडे दसऱ्याचं तोरण नसतं, त्यामुळे मला घ्यायचं असं काहीच नव्हतं. तरी मी थांबले, एक लोंबी उचलली आणि सवयीनं एक दाणा नखानं फोडून पाहिला. चांगला भरला होता. बाई म्हणाली, "आजी, घ्यायचं असंल तर घ्या, नासू नका." तिचं बरोबर होतं. मी एक जुडी घेतली आणि रिक्षानं कामोठ्याला घरी आले. सुनेनं विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, असंच. तिनं बिचारीनं एका पेल्यात पाणी घालून लोंब्या फुलांसारख्या ठेवल्या. आता त्या टीव्हीच्या शेजारी आहेत, आणि मी टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत बसते.

आम्ही उरणच्या मोरा बंदराच्या अलीकडचे, खाडीकाठचे ख्रिस्ती. आडनावं पोर्तुगीज, धंदा मासळीचा आणि खाजणातल्या भातशेतीचा, आणि भांडायची भाषा शेजारच्या आगरी-कोळ्यांचीच. आमच्यात नवं भात आधी चर्चला जातं, मग चुलीवर चढतं. पाऊस सरला की पहिल्या पिकलेल्या लोंब्या कापायच्या, जुडी बांधायची आणि चर्चमध्ये नेऊन फादरांचा आशीर्वाद घ्यायचा. या सणाला आगेरा म्हणतात. तो होईपर्यंत घरात नवा तांदूळ शिजवायचा नाही. आणि आशीर्वादासाठी निघालेली जुडी माघारी घरी आणायची नाही, ती चर्चचीच. लहानपणी आम्हाला ख्रिसमसपेक्षा आगेऱ्याची ओढ जास्त असायची, कारण ख्रिसमसला थंडीत लवकर उठून आंघोळ करावी लागे आणि आगेऱ्याला नव्या तांदळाची खीर मिळे.

त्या दिवसांचा एक वास होता. वर ऑक्टोबरचं ऊन, खाली अजून न वाळलेला चिखल, आणि मधे कापलेल्या भाताचा ओला, गोडसर वास. संध्याकाळी वारा फिरला की त्यात खाऱ्या पाण्याचा आणि सुकत घातलेल्या सोड्यांचा वास मिसळायचा. पाहुण्यांना तो सोसत नसे. आम्हाला त्याच्याशिवाय भूक लागत नसे.

आमचं चर्च पोर्तुगीजांच्या वेळचं. नक्की कधीचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि दर बदलीला नवा फादर नवा आकडा सांगे. भिंती काळ्या दगडाच्या, इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात आम्ही मुली मांडी घालून बसायचो. दगड जोडले होते शिंपल्यांच्या चुन्यानं. खाडीतल्या शिंपल्या आणि कालवांची टरफलं भट्टीत भाजून तो चुना करायचे. भिंतीचा पोपडा निघाला की आत एखादा नीट न भाजलेला शिंपला सापडायचा, तसाच, आपल्या रेघांसकट. छप्पर कौलारू, खाली सागाच्या तुळया, आणि त्या तुळया कुठल्याशा फुटलेल्या जहाजाच्या आहेत असं सगळे सांगत. फरशीत जुन्या थडग्यांचे दगड बसवलेले होते. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही असा नियम होता, पण तो पाळला तर अल्तारापर्यंत, म्हणजे वेदीपर्यंत, पोचणार कसं, म्हणून फादरांसकट सगळेच पाय देत. दर्शनी भिंत मात्र देखणी होती. उंच, सपाट, वर त्रिकोणी, मधोमध एक गोल खिडकी आणि तिच्याखाली मोठं दार.

हे दार खाडीकडे होतं. परगावच्या माणसाला याचं नवल वाटायचं, कारण गाव चर्चच्या मागच्या अंगाला. म्हणजे आम्हाला चर्चला वळसा घालून, पाण्याच्या बाजूनं आत जावं लागे. पण चर्च बांधलं तेव्हा माणसं होडीनं यायची. दारासमोर छोटं अंगण, अंगणात दगडी क्रूस, आणि अंगणातून पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. भरतीला खालच्या पायऱ्या बुडत. चर्चच्या उजव्या हाताला फादरांच्या बंगल्याचं कुंपण थेट खाडीत गेलेलं होतं, आणि डाव्या हाताला दफनभूमी होती. आमचा वळसा असायचा तो या दफनभूमीतून. फक्त आगेऱ्याला तो बंद. नव्या भाताची जुडी थडग्यांमधून न्यायची नाही, म्हणून त्या दिवशी अख्खं गाव धक्क्यावर जाऊन होड्यांत बसायचं आणि जेमतेम हाकेच्या अंतरावर पायऱ्यांशी उतरायचं. कोणी हसलं तर हसू दे, असा सगळा थाट.

खाडीच्या पलीकडे एक पाडा होता. पाचपन्नास माणसं, सगळी ख्रिस्ती, सगळी आमच्याच चर्चची. तो पाडा म्हणजे माझ्या आईचं माहेर. आईचं नाव आग्नेस. पाडा आमच्या ओट्यावरून दिसायचा, माडांची रांग आणि खाली चार कौलं, पण दिसणं वेगळं आणि जाणं वेगळं. आमची होडी नव्हती. जमिनीवरून जायचं तर मिठागरांना वळसा घालून अख्खा दिवस मोडायचा. पाड्याची पुरुषमाणसं अधूनमधून रविवारी येत. बाया मात्र सगळ्या मिळून एकदाच येत, आगेऱ्याला. काठाची चांगली लुगडी, डोक्यावर सूप, सुपात जुड्या, आणि होडी पायऱ्यांना लागायच्या आधीच गाणं सुरू. आई दाराशी उभी असायची. पाड्याच्या जुड्या ती स्वतः हातात घेऊन आत न्यायची. ते तिचं माहेरपण. वर्षभर सासूचं, दिरांचं, आमचं सगळं ती निमूटपणे करायची, पण त्या दिवशी तिला कोणी काही सांगायला गेलं तर ती ऐकल्यासारखं करायची नाही.

मग रस्ता आला. सन साठच्या पुढची ही गोष्ट. पनवेलकडून येणारी एस.टी. गावापर्यंत यायला लागली आणि बघता बघता गावाचं तोंड फिरलं. धक्क्यावरची चहाची टपरी उचलून रस्त्यावर गेली. लग्नाच्या वराती मोटारीनं यायला लागल्या आणि नवरीला थडग्यांमधून चालत न्यावं लागायचं, ते दिसायला बरं नव्हतं. त्यात खाडीकडचं दार खाऱ्या वाऱ्यानं कुजलं होतं. पावसाळ्यात उधाणाचं पाणी उंबऱ्याखालून आत यायचं आणि बाया फडक्यांनी टिपत बसायच्या. तेव्हा चर्चच्या कमिटीत विचार निघाला, की मागची भिंत फोडून रस्त्याकडे नवं दार करावं, अल्तार तिथून हलवून खाडीच्या टोकाला न्यावा आणि जुनं दार बुजवून टाकावं. म्हणजे अख्खं चर्च आतल्या आत फिरवायचं.

हा विचार ज्यांनी मांडला ते कमिटीचे चिटणीस माझे पप्पा. ते मुंबईला गोदीत कारकून होते, मोऱ्याच्या लाँचनं जाऊन येऊन करायचे, आणि सुधारणा म्हटलं की त्यांना उत्साह यायचा. नेमकी त्याच सुमाराला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमधून मराठीत आली होती. आधी फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा करायचे, ते आता लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले होते. पप्पा म्हणाले, फादर वळले तर चर्चनं वळायला काय हरकत आहे? सगळे हसले आणि ठराव झाला. आमचे फादर तरुण होते, वसईकडचे. भाबडे आणि कामाला वाघ. त्यांना खाडीची माहिती नव्हती, पण चिटणीसांवर विश्वास होता.

पप्पांवर मला आजही राग धरता येत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्या दारातून पहिल्यांदा उजेड आत आला तेव्हा मला स्वतःला फार आवडलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, गायकांमध्ये गायचे, आणि रस्त्यावरून येणारेजाणारे आपलं गाणं ऐकतात याचा मला आनंद व्हायचा. आईला मात्र कोणी विचारलं नाही. तिनं एकदाच जेवताना विचारलं, की पाड्याची माणसं कुठून येतील? पप्पा म्हणाले, सगळ्यांना सांगितलं जाईल, धक्क्यावर उतरतील आणि रस्त्यानं येतील.

सांगितलंही गेलं. सप्टेंबरात गवंड्यानं जुनं दार विटांनी चिणलं, वरून सफेदी केली, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी मिस्सेनंतर फादरांनी जाहीर केलं की यंदा आगेऱ्याला सर्वांनी नव्या दारानं यावं. आमच्यात जाहीर करणं म्हणजे हेच. मिस्सेत सांगितलं की ते सांगून झालं, वेगळी चिठ्ठीचपाटी नाही. फक्त त्या दिवशी पाड्याचं कोणी चर्चमध्ये नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि त्यानंतर भातकापणी तोंडावर आली, पाड्यातून कोणी इकडे फिरकलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पूर्वी आगेऱ्याची मिस्सा पाण्यावर ठरायची, भरती आली की घंटा. या तरुण फादरांनी ती घड्याळावर आणली. त्या आगेऱ्याला आम्ही सगळे छानपैकी रस्त्यानं आलो, जुड्या नव्या दारातून आत नेल्या, आणि वेळेवर मिस्सा सुरू झाली. फादर आमच्याकडे तोंड करून उभे, त्यांच्यामागे ती पांढरी भिंत, आणि वर गोल खिडकीतून ऊन. आई बायकांच्या बाजूला बसली होती. ती सारखी मागे वळून रस्त्याकडच्या दाराकडे बघत होती.

फादरांचं प्रवचन चालू असताना गाणं ऐकू आलं. आधी वाटलं बाहेरून, रस्त्यावरून. मग कळलं की ते अल्ताराच्या मागून येतंय, भिंतीतून. गाणं जवळ आलं, मोठं झालं आणि मधेच थांबलं. मग कोणीतरी तळहातानं भिंत थोपटल्याचा आवाज आला. फादर थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

आई उठली. अल्तारापुढचा लाकडी कठडा बायांनी ओलांडायचा तो फक्त फरशी पुसायला. तिनं तो ओलांडला, फादरांच्या बाजूनं मागे गेली आणि भिंतीला हात लावून म्हणाली, "दादा."

पलीकडून माझ्या मामाचा, पेद्रूमामाचा आवाज आला. "आग्नेस, दार कुठं गेलं गो?"

मी ते आयुष्यात विसरणार नाही. मामा रागावला नव्हता. खरंच विचारत होता.

आई नव्या दारातून बाहेर पडली आणि दफनभूमीतून तरातरा पायऱ्यांकडे गेली. मी तिच्या मागे आणि माझ्या मागे पप्पा. अंगणात पाड्याची सगळी माणसं उभी होती, डोक्यावरची सुपं अजून उतरवलेली नव्हती. मामी सफेदी केलेल्या भिंतीवरून हात फिरवत होती. पप्पांनी सांगायला सुरुवात केली, की आम्ही चर्चमध्ये जाहीर केलं होतं. मामानं विचारलं, कोणत्या आयतवारी? पप्पांनी सांगितलं.

मामा पाण्याकडे बघत म्हणाला, "त्या आयतवारी भांग होता."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची भरती, पाणी जेमतेम चढतं. तेव्हा पाड्याच्या बाजूला नुसता चिखल असतो आणि होडी हलत नाही. पाड्याची माणसं येणार ती अमावस्या-पुनवेच्या उधाणाला. हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पप्पांना माहीत नव्हतं असं नाही. पण लाँचनं आणि घड्याळानं जगणारा माणूस, त्यांनी रविवार बघितला आणि पाणी बघितलं नाही.

आता करायचं काय? पप्पा म्हणाले, चला, इथूनच दफनभूमीतून चला, चार पावलं तर आहेत. मामी नाही म्हणाली. माणसं जातील, जुड्या जाणार नाहीत. धक्क्यावर परत जायचं, तर चर्चच्या पायरीला लागलेल्या जुड्या पुन्हा होडीत घालायला कोणी तयार नव्हतं. आशीर्वादासाठी निघालेलं भात उलटं फिरवायचं नसतं. फादर बाहेर येऊन आशीर्वाद देतील, असं पप्पांनी सुचवलं. मामानं सूप डोक्यावरून उतरवलं आणि पायरीवर ठेवलं. पाड्याची माणसं पुढच्या वर्षापासून वरच्या गावच्या चर्चला जातील, असं तो सावकाश म्हणाला. ते लांब पडेल, पण तिथं दार आहे. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो ठरवत होता आणि बाकीचे माना हलवत होते.

आई पप्पांकडे वळली. नवऱ्याशी चारचौघांत ती कधी बोलायची नाही.

"तुमी दार नाय बुजवलं," ती म्हणाली. "माझं माहेर बुजवलंत."

पप्पा तडक निघून गेले. मला वाटलं अपमान झाला म्हणून घरी गेले. आम्ही तिथंच उभे राहिलो. थोड्या वेळानं भिंतीच्या आतून दणका ऐकू आला, मग दुसरा, आणि सफेदीला तडा गेला. आत काय झालं ते मला मागाहून कळलं. पप्पा थेट अल्तारापर्यंत गेले आणि म्हणाले, फादर, टेबल जरा पुढं घेऊ या. फादरांनी काहीही न विचारता मेणबत्त्या विझवल्या आणि टेबलाचं दुसरं टोक उचललं. नव्या दाराच्या कामाची पहार कोपऱ्यात पडलेलीच होती.

चुना अजून आत ओला होता. एक वीट बाहेर आली, मग तिच्या शेजारची, आणि त्या भोकातून पप्पांचं तोंड दिसलं, भुवयांपर्यंत पांढरं. पाड्याच्या पोरी हसायला लागल्या. मामी पण हसली. पप्पा विटा काढत राहिले. छातीच्या उंचीपासून वर, सूप मावेल एवढी जागा झाली तेव्हा थांबले. त्यांना धाप लागली होती. रविवारचा पांढरा शर्ट होता तो, पुन्हा घालण्यासारखा राहिला नाही.

आई धावतच आत गेली आणि त्या भोकाशी उभी राहिली. एकेक सूप बाहेरून आत आलं. मागच्या कित्येक पिढ्या जुड्या दारातून शिरून, थडग्यांवरून चालत अल्तारापर्यंत जायच्या. त्या दिवशी त्या मागून, थेट अल्तारावरच उतरल्या. माणसं मग दफनभूमीतून वळसा घालून आत आली. फादरांनी आशीर्वाद दिला. भिंतीचा चुना लोंब्यांवर पडला होता, तो कोणी झटकला नाही. मात्र जाताना मामानं पुढच्या वर्षाचं काही सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही.

कमिटीत व्हायची ती आदळआपट झाली. ठरावानं बांधलेली भिंत चिटणीसच फोडतो म्हणजे काय? पप्पांनी ऐकून घेतलं. मग त्या भोकाला सागाची चौकट बसवली, दोन झडपा लावल्या, आणि आतून कडी. खिडकी म्हणायला ती फार खाली होती आणि दार म्हणायला फार वर. पुढे एक इंजिनीअर चर्च बघायला आले होते, ते बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ही काही पोर्तुगीज पद्धत दिसत नाही.

आज त्या पाड्याच्या जागी कंटेनर रचून ठेवलेले आहेत. माझे मामेभाऊ उरणला, पनवेलला पांगले, कोणी भाड्याच्या इमारती बांधल्या, कोणी नोकरीत शिरले. भात कोणीच लावत नाही. आगेऱ्याला चर्चमध्ये जुड्या येतात त्या कुठून तरी विकत आणलेल्या असतात, आणि मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. मला त्याचं वाईट वाटतं की नाही, ते माझं मला नक्की सांगता येत नाही. गुडघाभर चिखलात लावणी केलेल्या बाईला विचाराल, तर तिला फ्लॅट आवडतो. पण लोंबी हातात आली की मला ते वर्ष आठवतं, म्हणजे भिंत फोडली त्याच्या पुढचं वर्ष, आई नुसती वाट बघत होती ते.

सगळा पावसाळा तिनं ओट्यावर काढला. मासळी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ती पाड्याची खबर विचारी, पण आगेऱ्याचं विचारत नसे. भातं पिवळी झाली तसं तिचं जेवण कमी झालं. पप्पा फादरांकडे गेले आणि पंचांग उघडून दोघांनी मिस्सेची वेळ पुन्हा भरतीवर ठरवली. हे त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा आई फक्त बरं म्हणाली. वेळ ठरली म्हणून माणसं येतात असं थोडंच आहे?

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेली, झडपा उघडल्या आणि तिथंच उभी राहिली. लोक आले, बसले. फादर झगा घालून आले, तिला बघितलं आणि सुरू करायचे थांबले. खाडीवर ऊन इतकं होतं की पलीकडचं काही दिसत नव्हतं. मग गाणं ऐकू आलं.

सुपं मागच्या वर्षीसारखी एकेक करून आत आली. आईनं ती अल्तारावर ठेवली आणि झडप लोटायला हात नेला, तर मामा बाहेरून म्हणाला, थांब. त्यानं आणखी एक सूप वर उचललं. त्यात लोंब्या नव्हत्या. खाली लुगड्याची मऊ घडी आणि तिच्यावर त्याची नात, पावसाळ्यात जन्मलेली, डोळे मिटून झोपलेली. बाप्तिस्मा न झालेलं मूलही आमच्यात थडग्यांमधून नेत नाहीत.

आईनं सूप घेतलं, खाली ठेवलं, बाळ उचललं. मामा खिडकीत डोकं घालून म्हणाला, "नाव तुजंच ठेवतंव. आता हिला दरसाल आनाला लागंल."

फादर बाप्तिस्म्याच्या दगडी भांड्याशी जाऊन उभे राहिले. बाळाची आई वळसा घालून आत आली, तिनं हात पुढं केले. फादरांनी ओंजळीत पाणी घेतलं. सगळं चर्च वाट बघत होतं, आणि माझी आई बाळ देईना.